सिलिंडरपासून चाकापर्यंत : मोटारगाडीच्या शक्तिप्रवासाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

मोटारगाडीचे इंजिन इंधनातील रासायनिक ऊर्जेचे आधी उष्णतेत आणि मग फिरत्या दांड्याच्या गतीत रूपांतर करते, एवढे शालेय पुस्तकांमुळे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्या दांड्यापासून रस्त्याला टेकलेल्या चाकापर्यंत ही गती कोणत्या वाटेने जाते, वाटेत तिच्यातले किती गळते आणि ती गळती कोठे रोखता येईल, याविषयी अभियंत्यांमध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे मतभेद आहेत, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्यापासून त्यांना नवी धार आली आहे. पेट्रोल बरे की डिझेल, गाडी पुढच्या चाकांनी ओढावी की मागच्या चाकांनी ढकलावी, गिअर चालकाने बदलावेत की यंत्राने, लहान इंजिनाला टर्बो जोडावा की मोठे इंजिन साधेच ठेवावे, हे प्रश्न सहसा सुटेसुटे चर्चिले जातात. प्रस्तुत आढाव्यात ते एकत्र घेतले आहेत, कारण त्यांच्या मुळाशी बहुतांशी एकच अडचण आहे : इंजिन आपले उत्तम काम वेगाच्या आणि भाराच्या एका अरुंद पट्ट्यातच करते, आणि रस्ता मात्र त्या पट्ट्याबाहेरच्या मागण्या सतत करत राहतो.

पार्श्वभूमी

उष्णतेपासून काम मिळवण्याला निसर्गानेच मर्यादा घातली आहे, हे फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली दाखवून दिले. ज्या दोन तापमानांच्या दरम्यान यंत्र चालते त्यांतील अंतर जितके जास्त, तितका उष्णतेचा अधिक वाटा कामात उतरू शकतो, आणि तरीही संपूर्ण उष्णता कधीच उतरत नाही, हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा. पुढे १८६२ मध्ये आल्फोन्स बो द रोशा याने हवा आणि इंधनाचे मिश्रण पेटवण्यापूर्वी दाबून घ्यावे आणि हे सारे चक्र पिस्टनच्या चार धावांत पुरे करावे, अशी योजना कागदावर मांडली. कोलोनजवळच्या डॉइट्झ येथे निकोलाउस ऑटो याने १८७६ साली तसे इंजिन प्रत्यक्ष चालवून दाखवले. ऑटोचे पेटंट १८८६ मध्ये रद्द झाले ते बो द रोशाच्या त्या जुन्या मांडणीच्या आधारे, पण तोवर चक्राला ऑटोचे नाव चिकटले ते कायमचेच.

त्याच वर्षी, २९ जानेवारी १८८६ रोजी, कार्ल बेन्झने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट नोंदवले. तिच्या ९५४ सीसीच्या एका सिलिंडरला पुरती एक अश्वशक्तीही निर्माण करता येत नव्हती. बेन्झची पत्नी बेर्था हिने १८८८ साली मानहाइम ते फोर्ट्सहाइम हा शंभरेक किलोमीटरचा प्रवास मुलांसह या गाडीतून केला, तेव्हा चढावर गाडी ढकलावी लागली आणि परतल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा ही गोष्ट पुढे आली. सपाटीवर पुरे पडणारे इंजिन चढावर अपुरे पडते, हा आजही चालू असलेल्या वादाचा मूळ मुद्दा मोटारीच्या पहिल्याच दीर्घ प्रवासात असा उघड झाला. पुढे १८९१ च्या सुमारास फ्रान्समध्ये एमिल लव्हासोर याने इंजिन पुढे, त्यामागे क्लच व गिअरबॉक्स आणि गती मागच्या चाकांना, अशी रचना रूढ केली. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे तपासले गेले, तेव्हा इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा दांड्यावर मिळाल्याचे आढळले. त्या काळाच्या मानाने हे प्रमाण चकित करणारे होते.

सिलिंडरमधील घडामोड

पेट्रोल इंजिनातील चार धावा अशा : पहिल्या धावेत पिस्टन खाली जातो आणि उघड्या झडपेतून हवा व पेट्रोलचे मिश्रण आत ओढले जाते, दुसरीत दोन्ही झडपा बंद असताना पिस्टन वर येऊन ते मिश्रण मूळ आकारमानाच्या साधारण एक-दशांशापर्यंत दाबतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि तापून प्रसरण पावणारे वायू तिसऱ्या धावेत पिस्टनला खाली रेटतात, चौथीत जळके वायू बाहेर टाकले जातात. चारांपैकी एकच धाव कमावते आणि उरलेल्या तीन खर्च करतात, म्हणून दांड्याच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक बसवून कमावत्या धावेचा जोर पुढच्या तीन धावांसाठी साठवावा लागतो. चार सिलिंडर असल्यास ते सहसा एक, तीन, चार, दोन या क्रमाने पेटवले जातात, जेणेकरून दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का मिळत राहतो.

या ज्वलनाला बोलीत स्फोट म्हटले जाते, पण नीट चालणाऱ्या इंजिनात स्फोट होत नाही. ठिणगीपासून निघालेली ज्योत मिश्रणातून सरकत जाते आणि त्याला वेळ लागतो. मिनिटाला ३००० फेरे असताना एक धाव सेकंदाच्या शंभराव्या भागात संपते, त्यामुळे पिस्टन शिखरावर पोहोचण्याच्या आधीच, दांडा वीस-तीस अंश मागे असतानाच, ठिणगी टाकावी लागते. शिखरबिंदूवर पिस्टन, त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टचे, म्हणजे वाकड्या मुख्य दांड्याचे, कोपर एका सरळ रेषेत असतात. तेथे दाब कितीही असला तरी दांडा फिरत नाही, तो जोर नुसताच बेअरिंगवर पडतो. दाबाचा कळस शिखर ओलांडल्यावर साधारण बारा-पंधरा अंशांवर यावा, अशी वेळ साधली तरच इंधनाचे चीज होते. ठिणगी फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच विरोध होतो, फार उशिरा पडली तर उष्णता धुराड्यावाटे निघून जाते. आजच्या गाड्यांत ही वेळ संगणक प्रत्येक फेऱ्याला ठरवतो. जुन्या गाड्यांत गॅरेजमधला जाणता मिस्त्री डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून, आवाज ऐकून ती बसवत असे.

दांडा फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात; टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून शक्ती मिळते. ३००० फेऱ्यांना १०० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे इंजिन सुमारे ३१ किलोवॉट, म्हणजे जवळजवळ ४३ अश्वशक्ती निर्माण करत असते. गाडी घेताना टॉर्क पाहावा की अश्वशक्ती, हा वाद त्यामुळे काहीसा पोकळ आहे. एखाद्या क्षणी, एखाद्या वेगाला गाडी किती जोराने पुढे रेटली जाईल हे शक्तीवरच ठरते. टॉर्कचा आकडा आणि तो किती फेऱ्यांना मिळतो ही माहिती एवढेच सांगते, की ती शक्ती कमी फेऱ्यांतच हाती येईल की इंजिन रेटून फिरवावे लागेल. बोलीतला ‘पिकअप’ हा शब्द बहुधा या दुसऱ्या गोष्टीला उद्देशून वापरला जातो.

उष्णतेचा हिशेब आणि दोन पंथ

आदर्श गणितात दहास एक दाबणाऱ्या इंजिनाला ६० टक्के उष्णता कामात उतरवता यावी आणि चौदास एक दाबणाऱ्याला ६५ टक्के. प्रत्यक्षात चांगले पेट्रोल इंजिन आपल्या सर्वोत्तम बिंदूवर ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास असते, कारण वायूंचे गुणधर्म आदर्श नसतात, सिलिंडरच्या भिंती उष्णता शोषून रेडिएटरकडे देतात, जळके वायू गरम असतानाच बाहेर पडतात आणि घर्षण आपला हिस्सा घेतेच. दाब वाढवत नेला तर ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. या ठोक्यांना नॉकिंग म्हणतात आणि ते पिस्टन फोडू शकतात. अमेरिकेत थॉमस मिजली याने १९२१ मध्ये शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळून हा ठोका थांबवला. त्या उपायाची किंमत जगाने हवेतील शिशाच्या रूपाने अनेक दशके मोजली. भारतात शिसेविरहित पेट्रोल देशभर सक्तीचे झाले ते फेब्रुवारी २००० मध्ये.

डिझेल पंथाने ही अडचण मुळातच टाळली. या इंजिनात केवळ हवा दाबली जाते, तीही सहसा सोळास एक किंवा त्याहून अधिक, आणि त्या दाबाने तापलेल्या हवेत अखेरच्या क्षणी इंधन फवारले की ते ठिणगीवाचून पेटते. आधी पेटायला आत इंधनच नसल्यामुळे पेट्रोल इंजिनासारखा ठोका उद्भवत नाही. दुसरा फायदा याहून मोठा आहे, पण त्याची चर्चा कमी होते. पेट्रोल इंजिनात चालकाने पाय उचलला की थ्रॉटल नावाची झडप हवेची वाट अडवते, आणि पिस्टनला ती हवा ओढून घेण्यासाठी जणू पोकळीशी झगडावे लागते. डिझेल इंजिनात हवा नेहमी पुरती घेतली जाते आणि शक्ती फक्त इंधनाच्या मात्रेने कमीजास्त होते, त्यामुळे हलक्या भाराखाली त्याची कार्यक्षमता तितकी घसरत नाही.

ही घसरण किती महत्त्वाची, हे साध्या हिशेबाने दिसते. बाराशे किलो वजनाच्या मध्यम आकाराच्या गाडीला सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेग टिकवण्यासाठी हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण मिळून साधारण साडेसात किलोवॉट, म्हणजे दहा अश्वशक्ती पुरते. तिच्यात बसवलेले इंजिन मात्र ऐंशी अश्वशक्तीचे असते, कारण घाट चढायचा असतो, ट्रक ओलांडायचा असतो. म्हणजे बहुतेक वेळ इंजिन आपल्या कुवतीच्या आठव्या हिश्शावर, थ्रॉटल अर्धवट मिटून चालते, आणि तेथे त्याची कार्यक्षमता सर्वोत्तम आकड्याच्या बरीच खाली असते. सिग्नलला उभे असताना तर ती शून्यच. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांची डिझेल इंजिने शेतावरच्या विहिरींवर पंप ओढताना तासन्‌तास एकाच वेगाने आणि जवळपास एकाच भाराखाली चालतात, म्हणून त्यांना ना गिअरबॉक्स लागतो ना क्लचची कसरत. मोटारगाडीच्या इंजिनाला ही चैन नाही, आणि या आढाव्यातील उरलेले बहुतेक मतभेद त्याच उणिवेवरच्या वेगवेगळ्या उपायांविषयी आहेत.

डिझेलची बाजू अशी सैद्धांतिकदृष्ट्या भक्कम असूनही लहान मोटारींत ती मागे का पडली, याचे उत्तर धुरात आहे. उच्च तापमान आणि भरपूर हवा यांमुळे नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात, आणि फवारलेले इंधन पुरेसे न मिसळल्याने काजळीचे कण. एक आवरायला जावे तर दुसरे वाढते. भारतात फियाटच्या आरेखनाचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन रांजणगाव आणि मानेसर येथे तयार होऊन निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसत होते आणि स्वस्त डिझेलमुळे त्याची चलती होती. डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, फोक्सवॅगनची उत्सर्जन चाचण्यांतील लबाडी सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाली, आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले, तेव्हा काजळी गाळणाऱ्या आणि ऑक्साइडे विघटित करणाऱ्या साधनांचा खर्च लहान गाडीला झेपेनासा झाला. मारुती सुझुकीने त्याच सुमारास डिझेल गाड्या थांबवल्या. मोठ्या एसयूव्हींमध्ये मात्र डिझेल आजही टिकून आहे. डिझेल हरले असे म्हणण्यापेक्षा त्याची जागा आकसली असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

दांड्यापासून चाकापर्यंत

इंजिन मिनिटाला सातआठशे फेऱ्यांखाली तग धरत नाही आणि चाक तर शून्यापासून सुरू होते. या दोहोंमधला पहिला दुवा क्लच. फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सकडे जाणारा दांडा यांच्यामध्ये घर्षणाची एक तबकडी असते. पेडल दाबले की ती सुटते, हळूहळू सोडले की घसटत घसटत पकडते आणि गाडी धक्का न बसता निघते. चढावर गाडी ‘हाफ क्लच’वर धरून ठेवण्याची सवय या तबकडीला जाळते, हे मिस्त्री सांगतात ते खरेच असते.

दुसरा दुवा गिअरबॉक्स. वर घेतलेलेच १०० न्यूटन-मीटरचे इंजिन ३००० फेऱ्यांवर धरून चालले, पहिल्या गिअरचे प्रमाण साडेतीनास एक आणि शेवटच्या दंतचक्राचे चारास एक मानले, तर फेरे चौदापट कमी होतात आणि टॉर्क चौदापट वाढतो. चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर असेल तर गाडी ताशी २३ किलोमीटरच्या आसपास धावते आणि रस्त्यावर तिचा रेटा, किरकोळ गळती सोडता, ५००० न्यूटन, म्हणजे सुमारे ५०० किलो वजनाइतका असतो. तेच इंजिन त्याच फेऱ्यांवर टॉप गिअरमध्ये, प्रमाण ०.९ धरले तर, गाडीला ताशी ८८ किलोमीटरवर नेते, पण रेटा १३०० न्यूटनच्या खाली उतरतो. आता आठास एक असा चढ आला की बाराशे किलोच्या गाडीला केवळ वजनामुळे सुमारे १४७० न्यूटन मागे खेचतात. टॉपमध्ये ती चढ ओढणार नाही हे येथेच ठरते, आणि घाट लागताच चालक न सांगता खालचा गिअर टाकतो त्यामागचे गणित एवढेच आहे. उलट, सपाटीवर वरचा गिअर टाकला की इंजिन कमी फेऱ्यांत अधिक भाराखाली चालते, थ्रॉटल अधिक उघडे राहते आणि हवा ओढण्यातली गळती घटते. ‘टॉपला टाकली की ॲव्हरेज मिळते’ या अनुभवाला शास्त्राचा पूर्ण आधार आहे.

तिसरा दुवा डिफरन्शिअल. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांत १.४ मीटर अंतर असेल तर काटकोनातील एका वळणावर हा फरक २.२ मीटर भरतो. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसवली तर एकाला घसटावेच लागेल. डिफरन्शिअलमधील छोटी दंतचक्रे दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देऊन फेरे मात्र वेगवेगळे होऊ देतात. या गुणातच त्याचा दोष आहे : एक चाक चिखलात रुतून हवेत फिरल्यासारखे फिरू लागले की त्याला लागणारा नगण्य टॉर्कच दुसऱ्या, कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. हल्ली संगणक त्या फिरत्या चाकाला ब्रेक लावून हा दोष बऱ्याच अंशी झाकतो.

पुढची चाके की मागची

लव्हासोरची मागच्या चाकांची रचना अर्धशतकाहून अधिक काळ प्रमाण मानली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावलेली प्रीमियर पद्मिनी आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली अँबेसेडर या दोन्ही त्याच घराण्यातल्या. सित्रोएनने १९३४ मध्ये पुढची चाके चालवणारी गाडी मोठ्या प्रमाणावर आणली. अलेक इसिगोनिसने १९५९ च्या मिनीमध्ये इंजिन आडवे बसवून लांबी वाचवली. आणि फियाटच्या दान्ते जाकोसा याने १९६४ मध्ये इंजिनाच्याच रांगेत गिअरबॉक्स ठेवण्याची जी मांडणी सिद्ध केली, तीच आज जगातील बहुसंख्य लहान गाड्यांची मांडणी आहे. भारतीय घरांत ती १९८३ मध्ये मारुती ८०० सोबत आली.

पुढच्या चाकांच्या बाजूने मुद्दे ठोस आहेत. मधला लांब दांडा नसल्याने वजन वाचते, बैठकीची जमीन सपाट राहते, इंजिन आडवे असल्याने गती काटकोनात वळवावी लागत नाही आणि तेथली गळतीही टळते. मागच्या चाकांच्या पक्षाचे म्हणणे असे, की चढावर आणि वेग घेताना वजन मागे सरकते, त्यामुळे ओढणाऱ्या पुढच्या चाकांची पकड नेमकी गरजेच्या वेळी कमी होते, आणि वळवणे व ओढणे ही दोन्ही कामे एकाच टायरवर टाकणे योग्य नाही. या वादाचा निकाल एकीकडे झुकत असल्याचे इनोव्हाच्या उदाहरणावरून वाटू शकते, कारण अनेक वर्षे मागच्या चाकांवर चाललेल्या या गाडीची २०२२ ची हायक्रॉस आवृत्ती पुढच्या चाकांवर आली. पण चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्या मागच्या चाकांनीच चालतात, कारण विजेची मोटर लहान असते आणि मागच्या आसापाशीच बसवता येते. इंजिनाच्या आकाराने लादलेली निवड, इंजिनच गेल्यावर पुन्हा मोकळी झाली आहे.

गिअर कोणी बदलावा

जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक १९३९ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून स्वयंचलित गिअरबॉक्स सोयीचा पण इंधन खाणारा, अशी ख्याती होती, आणि ती निराधार नव्हती. या प्रकारच्या पेटीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर हे तेलाच्या प्रवाहातून गती पुढे देणारे साधन रूढ झाले, आणि तेल घुसळण्यात ऊर्जा जाते. पुढे कन्व्हर्टर वेग आल्यावर घट्ट बांधला जाऊ लागला, गिअर चारांवरून आठ-दहांवर गेले आणि संगणक कुशल चालकाहून अचूक क्षण निवडू लागला, तेव्हा तो फरक बहुतांशी मिटला. डाफ कंपनीने १९५८ मध्ये आणलेल्या पट्टा व शंकूच्या रचनेतून आजची सीव्हीटी उतरली. तिच्यात गिअरच्या पायऱ्या नसतात, म्हणून इंजिन सर्वोत्तम फेऱ्यांवर धरून ठेवता येते, मात्र पट्ट्याच्या दाबात काही ऊर्जा खर्ची पडते. भारतात निर्णायक ठरला तो तिसरा मार्ग : २०१४ च्या मारुती सेलेरिओत साध्याच गिअरबॉक्सला क्लच दाबणारे आणि गिअर टाकणारे यांत्रिक हात बसवले गेले. एएमटी नावाने ओळखला जाणारा हा प्रकार स्वस्त आहे, इंधन वाचवतो आणि गिअर बदलताना हलका झोल देतो. शहरी वाहतुकीत ग्राहकांनी तो झोल खपवून घेतला आहे.

लहान इंजिन, मोठा दम

आठव्या हिश्शावर चालणारे इंजिन अकार्यक्षम असेल, तर ते लहानच का ठेवू नये, हा विचार टर्बोच्या मागे आहे. बाहेर जाणारे गरम वायू एक लहान चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांनी फिरवतात आणि ते चक्र ताजी हवा सिलिंडरमध्ये कोंबते, म्हणून एक लिटरचे इंजिन वेळप्रसंगी दीड लिटरचे काम करते आणि एरवी आपल्या कुवतीच्या जवळ, म्हणजे कार्यक्षम पट्ट्यात राहते. भारतात या विचाराला करानेही खतपाणी घातले, कारण चार मीटरहून आखूड आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असलेल्या गाड्यांना सवलतीचा कर आहे. तीन सिलिंडरची टर्बो इंजिने त्यातून फोफावली.

आक्षेप असा, की चालक दम वापरू लागला की सिलिंडर तापतो, ठोका टाळण्यासाठी ठिणगी मागे न्यावी लागते, मिश्रणात जादा पेट्रोल सोडावे लागते आणि कागदावरची बचत उडून जाते. म्हणून माझदाने टर्बो न लावता चौदास एक दाबणारे पेट्रोल इंजिन केले, टोयोटाने ४० टक्के कार्यक्षमतेचा टप्पा साध्या श्वासाच्याच इंजिनावर गाठल्याचे जाहीर केले, आणि निसानने २०१८ मध्ये आठ ते चौदा असा दाब चालता चालता बदलणारे इंजिन विक्रीस आणले. या तिघांपैकी कोणता मार्ग टिकेल हे सांगण्याइतका पुरावा अद्याप जमलेला नाही. शांतपणे गाडी हाकणाऱ्याला टर्बो लाभतो आणि घाईच्या चालकाला लाभत नाही, एवढे मात्र निश्चित दिसते.

इथेनॉलचा प्रश्न

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाने या चर्चेला महाराष्ट्रातील साखर कारखान्यांपर्यंत आणून पोहोचवले आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि लिटरभर इथेनॉलमध्ये सुमारे २१, त्यामुळे ई-२० मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ७ टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या रचनेच्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्के आणि ई-२० साठी जुळवलेल्यांचे १ ते २ टक्के घटेल, असा अंदाज होता. समर्थकांचा मुद्दा असा, की इथेनॉल ठोक्याला चांगला प्रतिकार करते, म्हणून त्यासाठीच घडवलेल्या इंजिनात दाब वाढवून ही तूट बरीचशी भरून काढता येते. विरोधकांचा मुद्दा असा, की रस्त्यावरच्या कोट्यवधी जुन्या गाड्यांचा दाब आता बदलता येत नाही आणि त्यांचे रबरी भाग इथेनॉलसाठी निवडलेले नाहीत. दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती वेगवेगळ्या गाड्यांविषयी आहेत. वादात मात्र ती एकमेकांना खोडण्यासाठी वापरली जातात. उसाला लागणारे पाणी आणि आयात तेलाची बचत यांचा ताळेबंद हा इंजिनाबाहेरचा, पण टाळता न येणारा प्रश्न आहे.

हायब्रिड आणि वीज

टोयोटाची प्रियस १९९७ मध्ये आली ती इंजिनाला त्याच्या अरुंद पट्ट्यात राहू देण्याची सर्वांत सरळ योजना घेऊन. कमी मागणीच्या वेळी इंजिन बंद करावे किंवा जादा भाराखाली चालवून बॅटरी भरावी, आणि अचानक मागणी आली की बॅटरीने हात द्यावा. ब्रेक लावताना उष्णतेत जाणारी गती विजेत परत घ्यावी. भारतात २०२२ पासून होंडा सिटीच्या हायब्रिड आवृत्तीत इंजिन बहुतेक वेळ केवळ वीज तयार करते आणि महामार्गावरच्या वेगालाच थेट चाकांशी जोडले जाते. विहिरीवरच्या डिझेल पंपाचे जे स्थिर भाराचे सुख होते, ते येथे बॅटरीच्या मध्यस्थीने मोटारीला काही अंशी मिळते.

पूर्ण विजेच्या गाडीत हा प्रश्न गैरलागू ठरतो, कारण मोटर शून्य फेऱ्यांपासून पुरता टॉर्क देते, तिची कार्यक्षमता विस्तृत पट्ट्यात ९० टक्क्यांच्या आसपास राहते आणि एकच गिअर पुरतो. मात्र भारतातील विजेचा मोठा हिस्सा कोळशातून येतो आणि कोळशाच्या केंद्रात उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज बनतो. त्यामुळे गळती गाडीतून काढून केंद्रात नेली इतकेच झाले, असे एक मत आहे; केंद्र हळूहळू स्वच्छ होऊ शकते, गाडीचे इंजिन विकल्यावर सुधारत नाही, हे दुसरे. धोरणातही या दोन मतांचा मेळ बसलेला नाही : विजेच्या गाड्यांवर ५ टक्के जीएसटी असताना हायब्रिडना सामान्य इंजिनाच्या गाड्यांप्रमाणे चढा दर लागत आला, तर उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. कोणता मार्ग कार्बनच्या दृष्टीने सरस, याचे उत्तर प्रांताप्रांताच्या विजेवर, बॅटरी कोठे आणि कशी बनली यावर आणि गाडी किती वर्षे चालते यावर बदलत जाते.

मापनाचा घोळ

हे सारे पक्ष एकमेकांसमोर आकडे ठेवतात, आणि अनेक मतभेद त्या आकड्यांच्या मापनपद्धतीत अडकले आहेत. पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थांत गाडी रोलरवर चालवून, ठरावीक वेगचक्र पाळून मायलेज मोजले जाते. त्यात हायब्रिडला थांबे लाभतात आणि टर्बोला मंद चाल लाभते, तर घाटातला चालक दोन्हींची दुसरीच बाजू पाहतो. उत्सर्जनासाठी बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३ पासून, प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणीचे निकष आले आहेत. मायलेजला तसा निकष लावावा, अशी मागणी रास्त आहे, कारण भारतात मायलेजचा आकडा ज्या चक्रावर ठरत आला त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे आणि चढ एकही नाही.